भट्टीच्या वाटेवरचा गर्डर

७ फेब्रुवारी

दादा,

पाया पडतो असं लिहिणार होतो, पण तू पाय मागे घेशील, म्हणून दुरूनच हात जोडतो.

सोमवारी सकाळी मी एका बाटल्यांच्या कारखान्याचा ताबा घेतला आणि पहिल्याच फेरीत कपाळ फोडून घेतलं. भट्टीकडे जाणाऱ्या बोळात एक लोखंडी गर्डर आहे. कुणी बसवला देव जाणे, पण बरोबर कपाळाचं माप घेऊन बसवलाय. माणूस बाहेरच्या उन्हातून अंधारात शिरतो, नजर पुढच्या लाल उजेडावर असते, आणि खाडकन लागतं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मागून भट्टीचे मुकादम येत होते. त्यांना सगळे नन्ना म्हणतात, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य 'नाही'ने सुरू होतं.

"नाही, झालं ते बरं झालं साहेब," ते म्हणाले. "नवा माणूस इथं नमस्कार केल्याशिवाय आत जातच नाही."

"मग पाटी का नाही लावली?"

"नाही, लावली होती की. ती वाचायला माणसं मान वर करायची आणि दुप्पट जोरात आपटायची. काढून टाकली."

कपाळावर रुमाल धरून मी भट्टीसमोर उभा राहिलो. पायातले बूट काढले. का काढले ते विचारू नकोस, कुणी सांगितलं नव्हतं. त्या झरोक्यातून आत उकळणारा काचेचा रस पाहिला आणि मला तू आठवलास. सुट्टीत तुझा डबा घेऊन तुझ्या काचकारखान्यात यायचो तेव्हा तू मला निळी काच डोळ्याला लावून असंच आत बघायला द्यायचास. म्हणायचास, "हिला झोप नसते. ही झोपली की मेली." आत काच थिजली की भट्टीच्या विटा तडकतात, आणि मग तो कारखाना उरत नाही, नुसता ढिगारा उरतो, हे मी कुठल्या पुस्तकात नाही वाचलं. तुझ्याकडून शिकलो.

इथे भट्टीला 'थोरली' म्हणतात. मालकांच्या वडिलांनी ती बांधली तेव्हा ते म्हणाले होते, ही माझी थोरली लेक. तेव्हापासून नाव पडलं.

दादा, आपण बोलत नाही त्याला बरीच वर्षं झाली. शेवटचं भेटलो तेव्हा तू म्हणाला होतास, "तुम्ही कायदेवाले फक्त कुलपं लावता. एकाने तरी कधी काही चालू ठेवलंय?" तुझ्या कारखान्याला कुलूप लागलं, भट्टी विझली, खटला चालत राहिला, आणि त्याच साली तुझ्याच पगारावर शिकलेला तुझा भाऊ कंपनी कायद्याची परीक्षा पास झाला. तुला तो योग कसा लागला असेल ते मला कळत होतं. तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण उत्तर नव्हतं.

आता निदान अर्धं आहे. तेव्हाचा कायदा आता राहिलेला नाही. तेव्हा कंपनी आजारी पडली की मालक खुर्चीतच बसून राहायचा. आजारी कंपनी, ठणठणीत मालक, आणि तारखांवर तारखा. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं. नव्या कायद्यात कर्ज थकलं आणि न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला की त्याच दिवशी मालक खुर्चीतून उठतो. त्याच्या जागी बाहेरचा माणूस बसतो, कारखाना चालू ठेवतो आणि ठरलेल्या मुदतीत नवा धनी शोधतो. धनी मिळाला तर कारखाना जगतो. नाही मिळाला तर मोडीत जातो. तो बाहेरचा माणूस म्हणजे सध्या मी. कागदावर माझ्या पदाचं नाव एवढं लांब आहे की कामगारांनी पहिल्याच दिवशी ते टाकून दिलं. ते मला 'कारभारी' म्हणतात.

मोठेपणा म्हणून सांगत नाही. पण एका खोलीच्या शाळेतून आलेल्या माणसाला न्यायाधिकरणाने पेटती भट्टी सांभाळायला दिली, हे तुला सोडून कुणाला सांगू?

तुझा
धाकटा


३ मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही. वहिनींनी हिला कळवलं की पत्र पोचलं, आणि तू ते वाचून शर्टाच्या खिशात ठेवलंस. फाडलं नाहीस, एवढं पुष्कळ झालं.

इथले मालक कसे आहेत, असं तू विचारशील असं धरून लिहितो. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. वाईट माणूस असता तर माझं काम सोपं झालं असतं. ताबा घेतला त्या दिवशी त्यांनी स्वतः खुर्ची मागे ओढून मला म्हटलं, "बसा. जरा डावीकडे कलते, सांभाळा." टेबलावरचा वडिलांचा फोटो काखेत घेतला आणि निघून गेले. फाटकावरचा रखवालदार रडला. मला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. नन्ना नंतर म्हणाले, "नाही, तुमचा राग नाही हो. पण घरात पाव्हणा येऊन थेट देवघरात बसला तर कसं वाटतं?"

खरंच होतं.

त्यांनी काय केलं तेही सांगतो. कारखान्याच्या नावावर बँकांकडून पैसा उचलला आणि डोंगरावर मोठं हॉटेल बांधायला घातला. हॉटेल आजही अर्धवट उभं आहे, खिडक्यांविना. बाटल्यांचा धंदा कधीच तोट्यात नव्हता. थोरलीच्या जिवावर धाकटी वाढवायला गेले आणि दोघी धोक्यात आल्या.

भट्टी पेटती ठेवणं हे माझं रोजचं पहिलं काम. गॅस देणारी कंपनी नळी तोडायला निघाली होती. मी त्यांच्या साहेबांना कायदा दाखवला. आमच्या या मुदतीत मागच्या थकबाकीसाठी कुणी कारखान्याचा गळा धरायचा नाही, आणि आजपासूनच्या गॅसचे पैसे आज मिळतील. ते म्हणाले, "असं कुठे लिहिलंय?" मी पान उघडून पुढे ठेवलं. त्यांनी ते ओठ हलवत वाचलं, आपण शाळेत वाचायचो तसं. मग म्हणाले, "बरं आहे हे." दादा, त्या क्षणी मला जे वाटलं ते कसं सांगू? कायदा म्हणजे काय? नुसती छापलेली ओळ. पण ती ओळ वाचून एका माणसाने नळीवरचा हात काढला. आपल्याच लोकांनी बसून, भांडून, खोडून लिहिलेली ओळ. कुण्या गोऱ्या साहेबाने आपल्या अंगावर टाकलेली नव्हे.

बँकांची एक समिती असते, सगळा निर्णय मतांनी तीच करते. तिच्या प्रमुख म्हणजे सर्वात मोठ्या बँकेच्या बाई. चष्मा कपाळावर ठेवतात आणि मग सगळीकडे शोधतात. पण आकड्यांत त्यांना कुणी फसवू शकत नाही. पहिल्याच बैठकीत त्यांनी मला धरलं.

"कारभारी, भट्टी पेटती ठेवायला रोज पैसा जळतो. तो आमच्या ठेवीदारांचा आहे. धनी मिळेपर्यंत विझवून ठेवली तर?"

"मॅडम, ती दिवा नाही, फुंकून ठेवून परत लावायला. विझवली तर तुमच्या कागदावर कारखाना राहील आणि जागेवर विटांचा ढीग."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"माझ्या थोरल्या भावाने. त्याने एक विझताना पाहिली आहे."

त्यांनी चष्मा खाली घेतला आणि पैसे मंजूर केले. तुझं नाव इथल्या बैठकीत असं येऊन गेलं, हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

तुझा
धाकटा


१९ एप्रिल

दादा,

तुझं पाकीट आलं. आत अर्ध्या कागदावर चार शब्द: "भट्टी चालू आहे का?" खाली सहीसुद्धा नाही. ही म्हणाली, "एवढ्या वर्षांनी भावाला लिहिलं आणि खुशाली भट्टीची विचारली!" मी म्हटलं, अगं, ती आमची खुशालीच आहे. कागद मी देवाजवळ ठेवलाय.

आज चालू आहे. पण तुला तेवढंच नको असणार. तुला हवंय ते 'राहील का' याचं उत्तर, आणि ते आत्ता माझ्याकडे नाही. खोटा धीर देणार नाही. खरं सांगता येईल तेव्हाच तुझ्या चार शब्दांना उत्तर देईन.

कारखान्यासाठी दोन प्रस्ताव आलेत. एक जमीन घेऊन इमारती उठवणाऱ्यांचा. त्यांनी भट्टी बघितलीही नाही, फक्त कुंपण चालत मोजलं. दुसरा एका लांबच्या कंपनीचा. किंमत चांगली, भट्टी चालू ठेवणार, सगळे कामगार ठेवणार. प्रस्ताव वाचून नन्नांच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाही, देव आहे," म्हणाले.

मलाही तसंच वाटलं होतं. मागच्या आठवड्यात त्या कंपनीची माणसं पाहणीला आली. सगळे नवखे, इथे कधी न आलेले. तसं प्रतिज्ञापत्रही त्यांनी दिलंय, की जुन्या मालकांशी आमचा कसलाही संबंध नाही. संबंध असला तर चालत नाही. ज्याने कर्ज बुडवलं त्याला, त्याच्या नातलगांना किंवा त्याच्या वतीने कुणालाही तोच कारखाना परत घेता येत नाही, असं नवा कायदा सांगतो. का, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुझ्या कारखान्याची जमीन शेवटी कुणाच्या मेव्हण्याने मातीमोल घेतली, ते तूच मला दाखवलं होतंस.

तर आम्ही बोळातून भट्टीकडे निघालो. मी पुढे. सांगायला मागे वळलो, "जपून, वर गर्डर आहे," तोवर पहिल्याने कपाळ आपटलं. दुसऱ्याने तो ओरडतोय हे पाहूनही आपटलं. नन्ना मागून म्हणाले, "नाही, नमस्कार पोचला." सगळे हसले. तिसरे होते ते त्यांचे सल्लागार, पांढऱ्या मिशांचे, गोड बोलणारे गृहस्थ. ते माझ्याशी वाळूच्या भावाबद्दल बोलत होते. बोलता बोलता, गर्डरकडे न बघता, वाक्य न तोडता, त्यांनी मान खाली घातली, गर्डरखालून पुढे आले आणि मान वर केली.

दादा, डोकं हे एका फेरीत शिकत नाही. मी रोज जातो तरी अजून आठवड्यातून एकदा आपटतो.

मी नन्नांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पटकन भट्टीच्या झरोक्याकडे वळले. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

तुझा
धाकटा


११ मे

दादा,

मागचं पत्र अर्धवट सोडलं, कारण पुढे काय करायचं तेच माझं ठरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी नन्नांना खोलीत बोलावलं. "ते पांढऱ्या मिशांचे गृहस्थ कोण?"

"नाही, मला काय माहीत?"

"नन्ना, तुम्ही सगळ्याला नाही म्हणता, पण हे 'नाही' वेगळं होतं."

बराच वेळ ते टोपी हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "नाही, साडू आहेत ते. भाऊसाहेबांचे. तरुणपणी सहा-सात वर्षं इथंच गोदाम बघायचे, मग दुसरीकडे धंदा काढला. पण कारभारी, एक सांगू? तुम्ही बघितलंच नाही असं समजा. कुणी वाकलं, कुणी नाही वाकलं, कुठल्या कोर्टात लिहितात हे? थोरली जगते, चारशे चुली पेटत्या राहतात. तुमचं काय जातं?"

माझं काहीच जात नव्हतं. तीच तर अडचण होती.

साडू कायद्यातल्या नातलगांत बसतो का, ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. बसतो. बायकोची बहीण आली की तिचा नवराही आला. मग मी त्या कंपनीकडे पैसा कुठून येणार याचे कागद मागितले. चार नावांच्या आडून शेवटी साडूंचीच कंपनी निघाली. ताकाला आले होते आणि भांडं पाठीमागे लपवलं होतं. तरी कागद हातात आल्यावरही मी दोन दिवस गप्प बसलो. कारण हा प्रस्ताव फेटाळला तर उरतात फक्त कुंपण मोजणारे. मुदत संपत आलेली. म्हणजे मी कायदा पाळायचा आणि भट्टी विझवायची. तू म्हणाला होतास तेच शेवटी माझ्या हातून व्हायचं होतं.

रविवारी सकाळी भाऊसाहेब घरी आले. हिने चहा दिला. बशीत ओतून, फुंकून, सावकाश पीत ते म्हणाले, "तुम्हाला कळलंय असं दिसतं."

"कळलंय."

"मी चोर नाही, कारभारी. माझ्या वडिलांची भट्टी मी परत घेतोय. कुणाचं काय वाईट होतंय?"

"भाऊसाहेब, बँकांचं निम्म्याहून जास्त कर्ज बुडतंय. बँकेत पैसे कुणाचे असतात? पोरीच्या शिक्षणाला ठेवलेले, म्हातारपणाला ठेवलेले. बुडवायचं तुम्ही, सोसायचं त्यांनी, आणि तीच वस्तू धुऊनपुसून निम्म्या किमतीत परत घ्यायची तुम्हीच?"

"आणि भट्टी विझली तर? ते पाप कुणाच्या माथी?"

मी म्हटलं, "ते मी देवाला विचारतोय."

"देव काय म्हणतो?"

"तो म्हणतो, कलम वाच."

ते हसले. खरंच हसले, दादा. उठताना म्हणाले, "माझ्या वडिलांना तुम्ही आवडला असता. मला आवडत नाही." दारापर्यंत गेले आणि वळून हिला म्हणाले, "चहा छान होता, वहिनी."

ते गेल्यावर ही म्हणाली, "तुमच्या दादांना काय सांगाल? चोरवाटेने जगवली, की सरळ वाटेने मेली?" मी म्हटलं, सरळ वाटेने जगवायची वाट आहे का, ते अजून बघितलंच नाही. ती म्हणाली, "मग इथे बसून बशी काय धुताय?"

परवा समितीची बैठक झाली. मी उभा राहिलो आणि सांगितलं की दुसरा प्रस्ताव कायद्याने अपात्र आहे, म्हणून तो मतदानाला ठेवता येणार नाही. सगळी कागदपत्रं पुढे ठेवली. गर्डरचंही सांगितलं. एक बँकवाले हसले. बाई हसल्या नाहीत.

"याच्यामुळे आमचं किती नुकसान होईल कळतंय तुम्हाला?"

"कळतंय. पण आज हे चालवून घेतलं तर उद्या प्रत्येक मालक आधी बुडवेल आणि मग साडू शोधेल. देशात साडूंची कमी नाही, मॅडम."

त्यांनी चष्मा शोधला. कपाळावर होता. मी सांगितलं. मग म्हणाल्या, "कायद्यात एकदा मुदत वाढवता येते. न्यायाधिकरणाकडे मागा, आम्ही पाठीशी आहोत. गॅसचे पैसेही देते. पण पावसाळा संपायच्या आत धनी आणा. नाही आणला तर विझवायच्या कागदावर सही तुम्ही करायची, मी नाही."

फाटकावर कामगार वाट बघत होते. मी जे होतं ते सांगितलं. एक बाई मागून म्हणाली, "नियमाचं लोणचं घाला आता." मी ऐकून घेतलं. तिच्या जागी मी असतो तर याहून वाईट बोललो असतो.

पण एक सांगतो, आणि रागावू नकोस. त्यानंतरही एकही जण कामावर उशिरा आला नाही, आणि एकही बाटली वाकडी निघाली नाही. रागातसुद्धा त्यांनी थोरलीला उपाशी ठेवलं नाही. असल्या माणसांचा कारभारी असणं हा आपल्या घराण्याचा मान आहे.

तुझा
धाकटा


२ ऑक्टोबर

दादा,

इतके महिने लिहिलं नाही, कारण तुझे चार शब्द देवाजवळून माझ्याकडे बघत होते आणि मी तोंड चुकवत होतो. आज बसून सगळं लिहितो.

पावसाळाभर मी धनी शोधत दारोदार फिरलो. उपवर मुलीच्या बापालाही एवढे नकार मिळत नसतील. 'कारखाना दिवाळखोरीत आहे' म्हटलं की लोक फायलीला हातसुद्धा लावायचे नाहीत, संसर्ग होईल म्हणून. मग एक दिवस थोरलीच्या बाटल्या ट्रकवर चढताना बघत होतो. तपकिरी, छोट्या, खोकल्याच्या औषधाच्या. मनात आलं, आपण कारखाना विकायला सगळ्या देशात हिंडतोय, पण बाटली भरतो कोण त्याला कधी विचारलं नाही.

औषध कंपनीच्या बाहेरच्या खोलीत मी तीन वेळा बसून आलो. चौथ्या वेळी त्यांच्या मोठ्या साहेबांनी आत घेतलं. त्यांना वाटत होतं की कारखाना केव्हाच बंद पडला आणि आम्ही जुना माल काढतोय! मी त्यांना घेऊन आलो, बोळातून नेलं. आपटले. जोरात. कपाळ चोळत भट्टीसमोर उभे राहिले. मग नन्नांना म्हणाले, "ही इतके महिने तुम्ही धन्याशिवाय चालवली?"

नन्ना म्हणाले, "नाही, धनी नव्हता. कायदा होता."

मी दुसरीकडे तोंड फिरवलं. हा माणूस मला म्हणाला होता, तुम्ही बघितलंच नाही असं समजा.

त्यांनी प्रस्ताव दिला. साडूंच्या प्रस्तावाहून किंमत थोडी कमी होती, पण स्वच्छ होती. समितीने मतं दिली. बाईंनी सही केली आणि मला म्हणाल्या, "तुमच्या थोरल्या भावाला सांगा, मी कागदावरचा नाही, जागेवरचा कारखाना विकला."

सगळं गोड झालं नाही, तेही लिहितो. वाळू देणाऱ्यांना आणि खोकी बनवणाऱ्या छोट्या माणसांना त्यांच्या थकलेल्या पैशांतलं अगदी थोडं मिळालं. एक खोकीवाला माझ्यासमोर म्हणाला, "कायदा मोठ्यांना ताटात वाढतो, आम्हाला हातावर." त्याला मी काय सांगू? कायदा अजून पोरवयाचा आहे. त्याच्यात खोट आहे, आणि ती कुठे आहे ते मी न्यायाधिकरणाला दिलेल्या अहवालात लिहून ठेवलंय. कुणी वाचो न वाचो.

न्यायाधिकरणात निकालाच्या दिवशी कामगार धुतलेले कपडे घालून मागच्या बाकांवर बसले होते. न्यायाधीशांनी प्रस्ताव वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "भट्टी आजही चालू आहे?"

दादा, तुझेच शब्द. मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, "हो, साहेब."

नन्ना होते. अख्खी रांग वळून त्यांच्याकडे बघायला लागली. बाहेर आल्यावर पोरांनी त्यांना धरलं, "नन्ना, तुम्हाला 'हो' येतं?" ते म्हणाले, "नाही, तोंडातून सुटलं."

भाऊसाहेबही आले होते, शेवटच्या बाकावर. निकाल झाल्यावर त्यांनी मला लांबूनच मान हलवून दाखवली. राग होता की निरोप, ते कळलं नाही. मी हात जोडले. मग त्यांच्या वडिलांचा फोटो नव्या धन्यांनी भट्टीच्या भिंतीवर लावायला मागवून घेतला. तो देण्यासाठी भाऊसाहेब स्वतः आले आणि खिळाही त्यांनीच ठोकला.

आता शेवटचं. नव्या धन्यांनी मला इथेच मोठ्या हुद्द्यावर राहायला सांगितलं. पगार चांगला, राहायला घर. आडकाठी करणारं कलम मी शोधलं, सापडलं नाही. ही म्हणाली, "कलम नाही तर मग अडलंय कुठे?" मी नव्या धन्यांकडून आठ दिवस मागून घेतले.

काल सकाळी मी बोळातून भट्टीकडे जात होतो. डोक्यात हाच विचार. पुढे पोचलो, झरोक्याजवळ उभा राहिलो, आणि लक्षात आलं की मी वाकून आलो होतो. गर्डर आठवला नव्हता, बघितला नव्हता. डोकं आपणहून खाली गेलं आणि वर आलं. त्या पांढऱ्या मिशांच्या गृहस्थांसारखं.

मला हसू आलं, आणि उत्तरही मिळालं. ज्याच्यावर बँकांनी आणि कामगारांनी डोळे झाकून भरवसा टाकला, तो बाहेरचा माणूस होता. बाहेरच्याचं कपाळ इथे आपटायलाच हवं. माझं डोकं आता घरचं झालं. आणि कारखाना कुणाला द्यायचा हे ज्याच्या शब्दावर ठरलं, तोच त्या कारखान्याचं अन्न खायला बसला, तर उद्या कुणीतरी, तुझ्यासारखाच एखादा, म्हणेल की आधीच ठरलं होतं. आणि त्याला चूक म्हणता येणार नाही.

आज सकाळी कामगारांसमोर किल्ल्या नव्या धन्यांच्या हातात दिल्या. खुर्ची डावीकडे कलते ते सांगितलं. थोरलीसमोर बूट काढून उभा राहिलो, नमस्कार केला. नन्ना फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "नाही, परत कधी आलात तर वाकून या."

दादा, तुझ्या चार शब्दांचं उत्तर उशिरा देतोय. भट्टी चालू आहे. कुलूप मी लावलं नाही, आणि किल्लीही माझ्याजवळ ठेवली नाही.

तुझा
धाकटा